बाकड्यावरच्या पोरांबद्दल

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील फुटबॉल क्लबांचे आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांचे अध्यक्ष, सचिव, प्रशिक्षक आणि (मान त्यांचाच पहिला असतो) देणगीदार,

सप्रेम नमस्कार.

गणपती गेले, चाकरमानी मुंबईला परतले, भात पोटरीला आलंय. अजून दीड-दोन महिन्यांत कापण्या होतील, दिवाळी उरकेल आणि नाक्यानाक्यावर तुमचे फ्लेक्स लागतील. भव्य, रोख, चषक. एकदा फ्लेक्स छापून आला की मंडळ मागे हटत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून तो छापायला जाण्याआधी हे पत्र.

मी गेली अकरा वर्षं मालवण तालुक्यातल्या एका लहान क्लबात पोरांना फुटबॉल शिकवतो. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, हे संध्याकाळचं. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. बारा वर्षांखालच्या पोरांच्या अकरा-अकराच्या नॉकआऊट (हरला तो बाद) स्पर्धा यंदापासून बंद करा.

हे सांगणारा मी कोण, असं कोणी विचारेल. तर या स्पर्धा जिंकायला जे जे करावं लागतं ते सगळं करून बसलेला माणूस.

सहा वर्षांपूर्वी आमचा बारा वर्षांखालचा संघ एका स्पर्धेच्या फायनलला पोचला. स्पर्धा तीन रविवार चालली होती. आमच्याकडे सोळा पोरं. त्यात एक अंगाने किरकोळ, पायाने हलकं. तिन्ही रविवारी ते पूर्ण किट घालून, शिनगार्ड लावून, नाडी दोनदा बांधून बाकड्यावर बसलं. बाकडं म्हणजे मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची. टेंपोच्या भाड्याची वर्गणी त्याच्या आईने सगळ्यांत आधी आणून दिली होती. पहिल्या रविवारी त्याने विचारलं, "सर, मी कधी खेळतलंय?" मी म्हटलं, खेळशील रे, पुढच्या मॅचला. दुसऱ्या रविवारी पुन्हा विचारलं. तिसऱ्या रविवारी विचारलं नाही.

फायनल आम्ही एक-शून्यने जिंकलो. आमच्या सगळ्यांत दांडग्या पोराने मैदानाच्या मध्यावरून बॉल उडवला आणि तो समोरच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेला. एवढाच तो गोल. गावात मिरवणूक निघाली. फोटोत ते किरकोळ पोरही आहे, कडेला, कपाला एक बोट लावून. मंगळवारच्या सरावाला ते आलं नाही. नंतरही कधी आलं नाही. आता टेनिस क्रिकेट खेळतं आणि बरं खेळतं म्हणतात. रस्त्यात दिसलं तर "सर" म्हणून हाक मारतं. मी उगाच घाईत असल्यासारखं करतो.

त्या दिवशीच्या गोलकीपरचंही सांगायला हवं, कारण तो समोरच्यांचा असला तरी पोर आपल्याच जिल्ह्यातलं. पूर्ण मापाचा गोल आठ फूट उंच आणि चोवीस फूट रुंद असतो. दहा-अकरा वर्षांच्या पोराने हात वर करून उडी मारली तरी वरच्या दांडीशी त्याची ओळख होत नाही. डोक्यावरून बॉल गेला आणि त्याचे प्रशिक्षक बाहेरून जे ओरडले ते इथे लिहिता येणार नाही. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. त्या गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचा गोल राखला, देशाचं कप्तानपद केलं. त्यांच्या तोडीचं पोर आपल्याकडे जन्माला आलंच नसेल असं कशावरून? आठ फुटी दरवाजात उभं राहून दहाव्या वर्षी शिव्या खाल्ल्यावर ते पुढे कशाला टिकेल?

आता हिशेब. मला हिशेबाची आवड आहे आणि मंडळांनाही असावी असं धरतो.

सोळा संघांची नॉकआऊट म्हणजे पंधरा सामने. आठ संघ पहिल्याच सामन्यात बाद. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ, मधली विश्रांती, नाणेफेक, पाहुण्यांशी खेळाडूंची ओळख, हे सगळं धरून एका सामन्यामागे चाळीस मिनिटं जातात. पंधरा सामन्यांची सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. आचऱ्याकडचं पोर सहाला उठून टेंपोत बसतं, अकराला त्याचा सामना लागतो, अकरा चाळीसला ते हरतं. मग टेंपो दिवसाच्या भाड्याने ठरवलेला म्हणून संध्याकाळपर्यंत मांडवात बसून वडापाव खातं आणि दुसऱ्यांचे सत्कार बघतं. ते राखीव खेळाडू असेल तर मैदानावर गेलंच नाही, नुसतंच बसलं.

तेच मैदान, तेच सोळा संघ घ्या. मैदानाचे चार तुकडे करा, प्रत्येक सुमारे तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. एका बाजूला चार खेळाडू, गोलकीपर नाही, सामना बारा मिनिटांचा, मध्ये तीन मिनिटं पाण्यासाठी. चार संघांचा एक गट, प्रत्येक गटाला आपलं मैदान. गटात सहा सामने होतात. पंधरा सक नव्वद. दीड तासात चोवीस सामने होतात, प्रत्येक संघ तीन वेळा खेळतो, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पोरं घरी पेजेला पोचतात.

गेल्या वर्षी एका अकरा-अकराच्या सामन्यात मी आमच्या राइट बॅककडे (उजव्या बाजूच्या बचावपटूकडे) बॉल किती वेळा येतो ते वहीत रेघा मारून मोजलं. अख्ख्या सामन्यात सात रेघा. त्यातल्या दोन थ्रो-इनच्या. त्याच पोराला पुढच्या आठवड्यात चार-चारमध्ये खेळवलं तेव्हा पाचव्या मिनिटाला मी रेघा मारायचं सोडून दिलं, हात पुरेना. पोरगं तेच, बूट तेच. आदल्या सामन्यात "ह्याला खेळता येत नाही" असं त्याच्याबद्दल मीच म्हटलं होतं.

ही अक्कल माझी नाही. फुटबॉल जिथे धंदा म्हणून चालतो तिथे हे केव्हाच सुरू झालंय. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या गटापर्यंत अकरा-अकराचा खेळ नसतो. आधी पाच, मग सात, मग नऊ अशी पायरी आहे. जर्मनीने चार विश्वचषक जिंकलेत, तरी २०२४-२५ च्या हंगामापासून त्यांनी सगळ्यांत लहान पोरांना दोन-दोन, तीन-तीनच्या खेळावर आणलं. छोटं मैदान, चार बुटके गोल, गुणतक्ता नाही. सामना संपला की जिंकलेला संघ शेजारच्या वरच्या मैदानावर सरकतो, हरलेला खालच्या. तासाभरात तुल्यबळ पोरं आपोआप समोरासमोर येतात. आपल्याकडे याला काय लागतं? चिव्याच्या सोळा काठ्या, गोलासाठी. मासेमारीची फाटकी जाळी दर बंदरावर पडलेली असतात.

बॉलचंही तसंच. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना चार नंबरचा, आठ वर्षांच्या आतल्यांना तीन नंबरचा. आपण सगळ्यांना मोठ्यांचा पाच नंबरचा देतो आणि वर "डोक्याने घे रे!" म्हणून ओरडतो. प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांना सरावात हेडिंग शिकवू नका, असं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० सालीच सांगितलं. आपल्याला ते पाळायला कोणाची परवानगी लागत नाही.

आइसलँडची गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगतो, त्यामुळे काही जण आता हसतील. हसा. आपला जिल्हा साडेआठ लाखांचा, हा २०११ च्या जनगणनेचा आकडा. आइसलँड अख्खा देश आणि २०१६ साली माणसं साडेतीन लाखांहून कमी, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी. तेही मासेमारीवर जगलेले लोक. तिथे हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही, इथे जून ते सप्टेंबर. त्या देशाने २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला दोन-एकने घरी पाठवलं आणि दोन वर्षांनी विश्वचषक खेळला. विश्वचषकावेळच्या त्यांच्या प्रशिक्षकाचा मूळ धंदा दातांच्या डॉक्टरचा. त्यांनी केलं काय, तर छप्पर असलेली मैदानं बांधली आणि सहा-सात वर्षांच्या पोरांपुढेसुद्धा शिकलेला, लायसन्स असलेला, पगारी प्रशिक्षक उभा केला. पहिली गोष्ट आपल्या आवाक्यातली नाही. दुसरी आहे.

आपल्याकडे उलटा न्याय. क्लबात ज्याला सगळ्यांत जास्त कळतं तो मोठ्यांच्या संघाबरोबर, आणि नुकताच दहावी झालेला, हाताला काम नसलेला कोणीतरी "बारक्यांना बघतो". मीही असाच बघायला लागलो. पहिली पाच वर्षं माझा सराव असा असे: मैदानाला पाच राऊंड, मग एका रांगेत वीस पोरं, एक बॉल, गोलवर किक. किक मारून रांगेच्या शेवटी जायचं. पुन्हा नंबर यायला चांगली तीन-चार मिनिटं. तेवढ्यात रांगेत चिमटे काढणं, टोप्या उडवणं, भांडणं. त्याबद्दल परत राऊंडची शिक्षा. पोरांना शिस्त नाही म्हणून मी ओरडत असे. रजा टाकून, पदरचे पैसे घालून, घाट चढून मी प्रशिक्षकाच्या परवान्याचा, डी लायसन्सचा, कोर्स केला. परतल्यावर पहिलं काम रांग मोडण्याचं केलं आणि शिस्तीचा प्रश्न त्या आठवड्यातच संपला. ज्याच्या पायात बॉल आहे तो शेजाऱ्याला चिमटा काढत नाही.

पुढचा धडा मात्र पावसाने दिला.

जुलैत मैदान गेलं की आम्ही एका शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये खेळतो. जुना, थोडा हवा काढलेला बॉल, म्हणजे तो उसळत नाही आणि भिंतीवरचे फोटो वाचतात. पाच-पाच. एका संध्याकाळी पाऊस असा आला की पत्र्यावरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं कळेना. मी सवयीने ओरडत होतो, "काढ! लांब मार! मागे बघ!" आणि पोरं माझ्या हलणाऱ्या तोंडाकडे बघून हसत होती. शेवटी गप्प बसलो. मग बघत राहिलो. एक पोर, एरवी बॉल आला की आधी माझ्याकडे बघणारं, त्या दिवशी बॉल आला की मान वर करून आपल्या गड्यांकडे बघायला लागलं. बॉल अडवून, अंगाखाली घेऊन, वळून, दुसऱ्या बाजूला दिला. हे त्याला कोणी शिकवलं? मी तर नाहीच. चार वर्षं मी त्याला "लांब मार" एवढंच सांगत आलो होतो.

तेव्हापासून दर आठवड्यात एका सरावाला मी तोंड उघडत नाही. मला फार जड जातं. मैदानाबाहेर उभ्या राहणाऱ्या बाबांना त्याहून जड जातं. एक बाबा मला म्हणाले, "सर, तुम्ही काहीच सांगूक नाय, मग आम्ही फी कित्याक भरतंव?" प्रश्न रास्त आहे. त्यांना सामना संपल्यावर त्यांच्या पोराला विचारायला सांगितलं की त्या पासच्या वेळी तुला काय दिसलं. पोर दहा मिनिटं बोलत होतं.

निवडीबद्दल थोडं. आपल्या सगळ्या ट्रायलमध्ये उंच पोरं आधी निवडली जातात. आपल्याकडे वयाची गंमत जुनी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत निम्मा गाव एक जूनला जन्मला होता, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली. आता जन्माचे दाखले खरे असतात (बहुतेक), पण गट जानेवारी ते डिसेंबर असा बांधलेला. जानेवारीतलं पोर आणि डिसेंबरातलं पोर एकाच गटात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे काय ते आयांना विचारा. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं निवडीत जास्त दिसतात, हे जगभरच्या फुटबॉलमध्ये दिसून आलेलं आहे. आपण त्याला गुणवत्ता म्हणतो. पंधराव्या वर्षी बाकीची पोरं उंचीने बरोबरीला येतात, पण तोवर ती मैदानावर राहिलेलीच नसतात. माझ्या कपवाल्या संघातल्या त्या दांडग्या पोराचं विचाराल, तर दहावीनंतर सगळे त्याच्याएवढे झाले. अंगाच्या जोरापलीकडे मी त्याला काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्यानेही खेळ सोडला. म्हणजे एका कपात मी दोन पोरं घालवली.

"कप नसेल तर पोरं यायची नाहीत" असं तुम्ही म्हणाल. दुपारी शाळेच्या मागे दप्तरांचे गोल करून खेळणाऱ्या पोरांना कप कोण देतं? जिंकण्याची हौस पोरांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. सामना संपायच्या आत स्कोअर त्यांना पाठ असतो. कप लागतो तो स्टेजवरच्या माणसांना, आणि तेही मी समजू शकतो, कारण फोटो कशाचा तरी हवा. तर फोटो काढा. सोळा संघांचा एकत्र काढा. बोर्डवर देणगीदाराचं नाव मोठं घाला.

देणगीदारांना खास विनंती. मुंबईत राहून गावच्या पोरांसाठी पैसे पाठवता, त्याचा मान राखूनच बोलतो. पोराच्या कमरेएवढा चषक, रोख बक्षीस, डीजे, शाल-श्रीफळ यांचा खर्च एकदा मांडून बघा. पाच-सहाशे रुपयांत चार नंबरचा बरा बॉल येतो. सोळा बॉल दिलेत तर एका क्लबातल्या प्रत्येक पोराच्या पायात बॉल येईल. आणि बॉलपेक्षाही मोठी देणगी म्हणजे एका तरुण प्रशिक्षकाच्या कोर्सची फी, जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च. अकरा वर्षांत मला एकाही देणगीदाराने हे विचारलेलं नाही. मागितलं नाही म्हणून दिलं नाही, असंही असेल. म्हणून आता मागतोय.

मुलींबद्दल मी फार बोलण्याच्या लायकीचा नाही. आमच्या क्लबात तीन वर्षांपूर्वीपर्यंत एकही नव्हती, आता नऊ आहेत. चार-चारचा खेळ सुरू केल्यावर त्या आल्या. अकरा जणींचा संघ जमेना म्हणून आपण वर्षानुवर्षं "मुलींचा प्रतिसाद नाही" असं लिहीत होतो. साडेसहाच्या आत सराव संपवा आणि एक बंद होणारं दार असलेली जागा द्या, एवढंच त्यांच्या आयांचं म्हणणं होतं.

तेरा वर्षांनंतर खुशाल कप लावा. मोठं मैदान द्या, गुणतक्ता मांडा, नॉकआऊट खेळवा. शाळांसाठी सुब्रतो कप १९६० पासून चालू आहे, तिकडे संघ पाठवा. गोव्याने पाच वेळा राज्यसंघांची संतोष ट्रॉफी जिंकली. घाटावर कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, आणि तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. दोन्हीकडे फुटबॉल आणि मध्ये आपण. तिकडे पाठवायला आपल्याकडे तेरा वर्षांची, बॉलला न घाबरणारी पोरं असली पाहिजेत.

डिसेंबरात सुरुवात करू. मैदानाचं भाडं नको, परवानगीची पत्रं नकोत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी समुद्राचं पाणी लांब जातं, ओली पुळण (किनाऱ्यावरची वाळू) सिमेंटसारखी घट्ट होते, आणि त्यावर चार काय आठ मैदानं आखता येतात, काठीने रेघ मारून. बूट लागत नाहीत. शिंपल्या आणि बाटल्यांच्या काचा आधी वेचाव्या लागतील, ते आमची मोठी पोरं करतील. रापणकरांशी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी) मी बोललोय. ज्या दिवशी रापण ओढायची असेल त्या दिवशी पुळण त्यांची, आपण दुसऱ्या दिवशी. तुम्ही प्रत्येक क्लबाने सहा-सहा पोरांचे दोन संघ आणा. सहाच्या सहा पोरं किमान अर्धा-अर्धा वेळ खेळली पाहिजेत, एवढा एकच नियम. ज्या संघाचे प्रशिक्षक बाहेरून ओरडतील त्यांनी शेवटी सगळ्यांना लिंबू सरबत पाजायचं. पहिल्या वेळी ते बहुधा मीच पाजेन, माझी सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

आपला,
बारक्यांना बघणारा एक प्रशिक्षक,
मालवण तालुका

ता. क. काठ्या आणि जाळी मी आणतो. जाळी माझ्या काकांची आहेत. फाटकी असली तरी मोजून दिलीत आणि मोजून परत घेणार आहेत.